कुशीतलं झाकण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे इंजिनाला पीठ लावणं.

बाहेरच्याला हे खुळ्यासारखं वाटेल. आमच्या गॅरेजात ते नेहमीचं होतं. तांदळाचं पीठ बारीक चाळायचं, जुन्या मलमलच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची आणि पुसून कोरड्या केलेल्या इंजिनावर ती हलक्या हातानं आपटत जायची. इंजिन सगळं पांढरं होतं. मग गाडी फिरवून आणायची. जिथून तेल गळत असेल तिथून पिठावर काळी ओली वाट उमटते. ती वाट खालून वर बघत गेलं की गळतीचं मूळ सापडतं. तेल जिथं टपकतं तिथून ते कधीच गळत नसतं. वर कुठंतरी सुटतं, लोखंडाच्या अंगावरून लपत लपत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टावर थेंब धरतं. नवा मिस्त्री तो बोल्ट आवळत बसतो.

त्या सकाळी देवकी, माझी बायको, बॉनेटखाली अर्धी आत गेली होती. तिचा हात बारीक. माझा पंजा जिथं अडकतो तिथं तिचा हात कोपरापर्यंत जायचा. मी बॅटरी धरून उभा.

"उजेड तिकडं मारा. माझ्या तोंडावर कशाला? मी काय गळते?"

"बोलू नको, पीठ नाकात जाईल."

"गेलं तर शिंकेन. तुमच्या विडीपेक्षा बरं."

पीठ लावून झालं. तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, तिथं पांढरा पट्टा उमटला. मग आम्ही गाडी ट्रायलला काढली. आशागडहून चारोटीच्या बाजूला गेलो आणि परत आलो. ट्रायलला ती माझ्या शेजारी बसायचीच. मी रस्ता बघायचो, ती आवाज ऐकायची. परत आल्यावर तिनं चहा आणला आणि मी कप घ्यायला हात पुढं केला तसा तिनं कप मागं घेतला.

"आधी हात धुवा."

"तेलच आहे, विष नाही."

"कप माझे आहेत."

आमच्या लग्नापासूनचा हा संवाद. मी हात धुतले, चहा घेतला. इंजिन तापलेलं होतं, आत हात घालायची सोय नव्हती. मी वाकून बघायला लागलो तर म्हणाली, "गार होऊ द्या. जेवून घ्या, मग दोघं बघू. आज तुमचं खोटं पडणार आहे."

जेवण झालं. बघणं झालं नाही. जेवल्यावर ती म्हणाली, जरा पाठ टेकते. टेकली ती उठली नाही. दवाखान्यात नेली, तिथं म्हणाले वाटेतच गेली.

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं की काका, गॅरेजचे अनुभव लिहा. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मला गॅरेजचा विचार केला की ही सकाळच पहिली आठवते, म्हणून ती पहिली लिहिली. आता गाडीचं सांगतो, म्हणजे तिचं कशात खरं होणार होतं आणि माझं कशात खोटं, ते कळेल.

गाडी नरपडच्या होमीशेठची. होमीशेठ म्हणजे चिकूची वाडी असलेले म्हातारे पारशी बावाजी. मी लहानपणी त्यांच्या वाडीत चिकू उतरवायला जायचो, म्हणून माझे केस पिकले तरी मी त्यांना 'दिकरा'च, म्हणजे पोरगाच. गाडी दोन माणसांची, बसकी, विलायती, छप्पर कापडाचं. रंग हिरवा आणि पुढचे दोन दिवे डोळ्यांसारखे वर आलेले. वाडीतली पोरं तिला बेडकी म्हणायची. आम्हीही तेच म्हणायला लागलो. शेठनं तरुणपणी ती मुंबईत कुणाकडून घेतली होती. पुढं गुडघे गेले, गाडी करंड्यांच्या गोदामात पडली. २०१४ साली शेठच्या मनात आलं की मरायच्या आधी ती पुन्हा चालवायची. वर्षातून एकदा उदवाड्याला त्यांच्या देवस्थानाला जायचं, ते याच गाडीनं, तलासरीवरून हायवे धरून. बस, एवढीच त्यांची हौस.

बेडकी ट्रॅक्टरला बांधून माझ्याकडं आली. मी जन्मभर जीप, टेम्पो, मच्छीवाल्यांचे पिकअप केलेले. असली गाडी पहिलीच. मी बॉनेट उघडून नुसता उभा राहिलो. देवकी आतून आली, तिनंही बघितलं.

"केवढंसं आहे," ती म्हणाली. "शिलाई मशीन ठेवल्यासारखं."

शेठनं एक डबा पुढं केला. त्यांच्या परदेशातल्या भाच्यानं पाठवलेलं नव्या जमान्याचं तेल. पातळ, स्वच्छ, मधासारखं दिसणारं. शेठ खूश, मीही खूश. इतकं सुंदर तेल मी बघितलं नव्हतं. जुना काळा चिखल काढला, हे ओतलं. गाडी सुरू झाली. चार दिवस चालली आणि मग चहूबाजूंनी गळायला लागली. वरून, खालून, पुढून, मागून. खाली ठेवलेला पत्रा भरायचा.

मला काही कळेना. देवकीलाच कळलं. ती म्हणाली, "म्हातारीला साबण लावून घासून आंघोळ घातलीत. मळानं सांधे धरले होते, ते मोकळे झाले."

तसंच होतं ते. नव्या तेलात मळ धुऊन काढायचं औषध असतं. नव्या इंजिनाला ते चांगलं. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षांचा मळ पॅकिंगच्या फटीत जाऊन बसलेला असतो, तोच बूच. तो धुतला की फट उघडी. शिवाय तेल पातळ, त्याला फट पुरते. तेलाचा दोष नव्हता. ते या म्हातारीसाठी केलेलंच नव्हतं.

आता ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी सांगतो. डब्यावर आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे गार असताना तेल किती जाड, दुसरा म्हणजे तापल्यावर किती जाड. आकडा मोठा म्हणजे तेल भारी असं नाही, आकडा म्हणजे फक्त जाडी. आपल्याकडं बर्फ पडत नाही. बेडकीसारख्या इंजिनाला वीस-पन्नासचं साधं खनिज तेल चालतं. दुसरं असं की त्या काळच्या इंजिनात आतले भाग एकमेकांवर घासून चालतात, त्यांना तेलात जस्ताचा अंश लागतो. नव्या गाड्यांच्या तेलात तो कमी केलाय. म्हणून जुन्या गाडीसाठीचं तेल मागून घ्यायचं, आणि नवं तेल भरल्यावर पहिले काही दिवस खाली वाकून बघायचं. एवढंच शास्त्र आहे. बाकी बोटं सांगतात. तेल मापायच्या काडीला लागलेलं तेल दोन बोटांत चोळायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल उतरतंय. बोटावर चमचम दिसली तर बेअरिंग झिजत चाललंय, गाडी तिथंच बंद करायची.

जाड तेलाचंही एक सांगतो, नाहीतर कुणी उगाच जाड भरत सुटेल. तलासरीला हायवेवर एक ढाबेवाला होता. त्यानं हौसेनं जुनी लाल दोन दरवाजांची गाडी घेतली होती, ढाब्यासमोर उभी करायला. बेडकी माझ्याकडं आहे हे ऐकून तो आला. म्हणाला, "काका, सगळीकडून तेल येतंय."

काडी ओढली तर तेल खुणेच्या वर पार टोकापर्यंत.

"किती ओतलंस?"

"डबाभर. उरलेलं ठेवून काय करू?"

"खूण असते ना काडीवर."

"काका, मी पाहुण्याला अर्धी वाटी डाळ वाढत नाय. माझा हातच तसा."

देवकी भाताच्या पातेल्यातून मान वर न करता म्हणाली, "मग इंजिनालाच ढाब्यावर बसवा, भाऊ. खाटेवर."

जादा तेल काढलं, गळती थांबली. काही महिन्यांनी तो पुन्हा गळतीची तक्रार घेऊन आला. या वेळी खरंच पॅकिंग गेलं होतं. मी म्हटलं, पॅकिंग मागवतो, थांब. त्याला दम कुठला. कुणीतरी त्याला सांगितलं की गिअरचं तेल घट्ट असतं, ते भर. त्यानं भरलं. गळती थांबली. इंजिनही थांबलं. टोचन करून आणली तेव्हा तो माझ्याकडं बघत नव्हता, देवकीकडं बघत होता. ती काय बोलते याची भीती. तिनं त्याला चहा दिला. अर्धा कप.

गळती बंद करायच्या बाटल्याही मिळतात. त्यातलं औषध रबराला फुगवतं, रबर जुनं असेल तर थोडे दिवस उपयोग होतो. काही जण झाकणाला डिंकासारखा पदार्थ भरभरून लावतात. तो बाहेर दिसतो तेवढाच आतही सांडतो, त्याचे तुकडे होतात आणि तेल ओढायच्या जाळीत जाऊन बसतात. मग गळती नाही, पण तेलही वर जात नाही. लावायचा तर सुपारीएवढा, बोटानं पसरून.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच.

२०१५ साली मी बेडकीचं चेंबर खाली उतरवलं. चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं पातेलं. खडखड येत होती, बेअरिंग बघायचं होतं. मी उताणा पडून बेअरिंगचं एक टोपण काढलं, चिंधीनं क्रँकचा, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरणारा, दांडा पुसला. आणि तसाच पडून राहिलो. देवकीला हाक मारली. ती गुडघ्यावर वाकली, मग पदर खोचून सरळ माझ्या शेजारी पोत्यावर येऊन पडली.

दांडा आरशासारखा होता. मापून बघितला, झीज म्हणावी अशी नाहीच. आमच्या जन्माच्या आसपास कुठंतरी विलायतेत तो कुणी घासून बसवला असेल. तेव्हापासून किती वेळा फिरला असेल याचा हिशेब देव जाणे. आणि लोखंडाला लोखंड लागलंच नव्हतं. मधे तेलाचा पदर. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. सगळं इंजिन, सगळी गाडी, आत बसलेली माणसं, सगळं त्या पदरावर तरंगत होतं. लोक म्हणतात तेल म्हणजे इंजिनाचं रक्त. मला पटत नाही. रक्त सगळीकडं जाऊन काही ना काही देतं. तेल काही देत नाही. ते फक्त मधे राहतं आणि दोघांना घासू देत नाही.

देवकीनं त्या दांड्यात तोंड बघितलं. टिकली सरकली होती ती बोटानं सरळ केली.

"तोंड दिसतं," ती म्हणाली. "किती वर्षांनी कुणीतरी यात बघितलं असेल."

मी देवळात हात जोडतो, पण माझ्या मनात फार काही येत नाही. त्या दिवशी पोत्यावर पडून आलं. तिच्याही आलं असावं, कारण भात करपल्याचा वास येईपर्यंत ती उठली नाही.

त्याच वेळी मला मागच्या टोकाची गंमत कळली. क्रँकचा दांडा जिथं इंजिनातून मागं बाहेर निघतो तिथं नव्या गाडीत रबराचं सील असतं, तेल अडवायला. बेडकीत तिथं काहीच नव्हतं. मला वाटलं कुणीतरी काढून टाकलं. मग नीट बघितलं तर दांड्यावर आटे पाडलेले, उलटे. दांडा फिरला की बाहेर यायला निघालेलं तेल त्या आट्यांत सापडतं आणि पुन्हा आत ढकललं जातं. मी देवकीला बोटानं दाखवलं.

"उलटं जातं आहे," ती म्हणाली. "आपलं जातं पीठ बाहेर टाकतं, हे आत ओढतं."

दार नाही, कडी नाही, तरी घर बंद. पण फिरत असेल तरच. गाडी उभी राहिली की आटे थांबतात आणि तेल हळूहळू बाहेर येतं. म्हणून असली गाडी चालताना कमी गळते आणि उभी राहिली की जास्त. शेठना मी सांगितलं होतं, थोडी गळणारच, खाली पत्रा ठेवा आणि दर आठवड्याला काडी बघा. शेठ दर आठवड्याला काडी बघायचे आणि दर वर्षी उदवाड्याला जायचे. जायच्या आधी गाडी माझ्याकडं यायची आणि देवकी तिला पीठ लावायची. पहिल्यांदा मी तिच्या अंगाला लावायच्या पावडरचा डबा घेतला होता. तो तिनं हिसकावून घेतला आणि पिठाची पुरचुंडी हातात दिली. तेव्हापासून पीठ.

ती सुट्या भागांना कंपनीच्या नावानं ओळखायची नाही. घासलेटात धुता धुता तिनं आपली नावं ठेवली होती. तेलाची जाळी म्हणजे गाळणी. पंखा म्हणजे भोवरा. आणि बेडकीच्या इंजिनाच्या अंगाला, सायलेन्सरच्या नळ्यांच्या मागं लपलेलं एक छोटं झाकण आहे, एका बोल्टावर बसतं, खाली कॉर्कचं पॅकिंग. त्याला ती म्हणायची कुशीतलं झाकण. मला त्याचं कारखान्यातलं नाव आता आठवत नाही. तिचं आठवतं.

२०१९ च्या त्या थंडीत आमच्याकडं जमीन हलत होती. डहाणू-तलासरीची माणसं विसरणार नाहीत. गडगड आवाज यायचा, पत्रे थरथरायचे, फळीवरचे पाने वाजायचे. लोक घर सोडून अंगणात झोपत होते. आमचंही अंथरूण बाहेरच होतं. त्याच दिवसांत बेडकी अचानक जास्त गळायला लागली. पत्र्यावर पूर्वी थेंब असायचे, आता डबकं. मागच्या बाजूला, जिथं इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्याच्या खाली. असं तेल गेलं तर उदवाड्याच्या वाटेत काडी कोरडी पडणार आणि तो आरशासारखा दांडा जळून जाणार.

मी बघितलं आणि शेठना सांगितलं, मागचे आटे गेले. दांड्याच्या मागची जागा झिजली. इंजिन उतरवावं लागेल.

शेठ म्हणाले, "इंजिन उतरवायचं असेल तर नको, दिकरा. तू उतरवशील, पार्ट विलायतेतून येईल, तोपर्यंत हुं क्यां? मी असेन तरी का? मुंबईचा एक माणूस मागे लागलाय. त्याला मी देऊन टाकीश. तू साफ बघ आणि मला साफ बोल."

म्हणजे मागचं असेल तर गाडी जाणार. मागचं नसेल तर राहणार.

मला आणि देवकीला मूलबाळ नाही. त्याचं मी काही रडगाणं लावत नाही, पण बेडकी जाणार हे ऐकून देवकी त्या दिवशी जेवली नाही आणि मी तिला जेव म्हटलं नाही. मग संध्याकाळी तीच म्हणाली, "मागचं नाय ते. कुशीतलं झाकण आहे. तिथून सुटतं आणि मागं जातं."

"तू बघितलंस?"

"दिसत नाय म्हणून तर कुशीतलं."

"गाडी जाऊ नये म्हणून बोलतेस तू."

"गाडी जाऊ नये म्हणून नाय. तुम्ही खालच्या थेंबाकडं बघता म्हणून बोलते. दुसऱ्यांना शिकवता ना, तेल वरून येतं म्हणून?"

मी म्हटलं, मागचे आटे मी डोळ्यांनी बघितलेत. ती म्हणाली, चार वर्षांपूर्वी बघितलेत. दोन दिवस आमचं हेच. भांडण म्हणू नका, आम्हाला दुसरा विषय नव्हता. शेवटी ती म्हणाली, पीठ लावू. पीठ काय कुणाची बाजू घेत नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबाभर पीठ चाळलं. थोडं पुरचुंडीत घेतलं, बाकी डब्यात राहिलं.

ती सकाळ मी वर लिहिली आहे.

तिला उन्हं उतरायच्या आत नेली. उधव्याहून तिच्या माहेरची माणसं आली. होमीशेठ वाडीतल्या माणसाच्या खांद्याला धरून आले, डोक्याला टोपी घालून एका बाजूला उभे राहिले. मला म्हणाले, "गाडीचं नंतर. तू तुझं बघ." मी मान हलवली. माझं बघायचं काय उरलं होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आमच्याकडं एक रीत आहे. माणूस शेवटचं जिथं टेकलं त्या जागेवर पहिल्या रात्री पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं. पिठात पाऊल उमटतं म्हणतात. पाखराचं उमटलं तर पाखराच्या जन्माला गेलं, गाईचं उमटलं तर गाईच्या. माझ्या भावाची बायको सगळं करत होती. तिनं पिठासाठी स्वयंपाकघरात शोधलं आणि डबा घेऊन आली. देवकीनं सकाळी चाळलेलं तेच पीठ. मला कुणी विचारलं नाही, मीही अडवलं नाही. तिच्याच हातचं पीठ तिच्याच पावलासाठी पसरलं.

रात्री जमीन दोनदा हलली. सगळे अंगणातच होते, कुणी उठलं नाही.

सकाळी उजाडल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊ, चला. टोपली उचलायची आहे."

बायका गोळा झाल्या. मी दारापर्यंत गेलो. वहिनीनं टोपली उचलली. सगळ्या वाकल्या.

"चिमणी आहे गं. हे बघ, तीन बोटं."

"कसली चिमणी? रात्री धक्का बसला त्यानं फाटलंय पीठ."

"धक्क्यानं अशी बोटं उमटतात?"

"मग तूच सांग काय ते."

मी आत गेलो नाही. मागं वळलो आणि गॅरेजात आलो. सुतकात कामाला हात लावायचा नसतो, मला ठाऊक आहे. मी काम करायला गेलो नव्हतो.

बेडकी कालच्या जागीच होती. मी बॉनेट उघडलं. इंजिन पांढरं होतं. धक्क्यानं थोडं पीठ झडून खाली पडलं होतं, बाकी तसंच. वरच्या झाकणावर तिची चार बोटं उमटली होती, आत वाकताना तिनं तिथं हात टेकला होता. मी बॅटरी घेतली. छोटा आरसा घेतला, दाताचे डॉक्टर वापरतात तसला, आणि नळ्यांच्या मागं धरला. आरसा हलू नये म्हणून कोपर गाडीच्या कडेला टेकलं.

आधी खालून बघितलं, मी नेहमी बघतो तसं. मागच्या जोडाखाली पीठ ओलं, काळं. माझंच खरं वाटलं. मग आरसा वर सरकवला. ओल वर जात होती. जोडाच्या कडेनं वर, मग पुढं, इंजिनाच्या अंगाला धरून. बोटाएवढी रुंद होती ती वर जाताना सुतळीएवढी झाली. आणि कुशीतल्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन संपली. मागच्या आट्यांच्या वरचं पीठ कोरडं होतं. जसं तिनं लावलं तसं.

मी आरसा काढला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं. तेवढ्यानंही समाधान झालं नाही म्हणून हात घातला. जाईल तेवढा घातला, कातडं सोलवटलं, पण बोटाचं टोक पोचलं. झाकणाचा कोपरा ओला लागला.

तिथं किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. रडलो नाही. दांड्यात तोंड बघितलं होतं त्या दिवशी जसं झालं होतं, तसं काहीतरी झालं. काल गेलेलं माणूस आज मला वाट दाखवत होतं, आणि ती वाट बरोबर होती. एक बोल्ट. कॉर्कचं वीतभर पॅकिंग.

मी शेठना फोन लावला.

"शेठ, इंजिन उतरवायचं नाही. वरचं आहे. कुशीतलं झाकण."

तिकडून शेठ म्हणाले, "बाळू, तू आज गाडीपाशी काय करतोस?"

"साफ बघायला सांगितलं होतं तुम्ही."

"कोणी बघितलं? तू?"

"हिनं."

"तो बरोबर हशे. मग बरोबरच असणार," ते म्हणाले. "मुंबईवाल्याला मी ना बोलतो."

मी बॉनेट खाली घेतलं. आपटलं नाही, हातानं दाबून बसवलं, पीठ हलू नये म्हणून. मग घराकडं आलो. बायका अजून चिमणीवरच होत्या. वहिनी ओट्यावर आली.

"भाऊ, तुम्ही पाऊल बघायला आला नाहीत."

"बघितलं," मी म्हटलं.

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. घरात चूल पेटलेली नव्हती, शेजारून चहाची किटली आली होती. तिनं देवकीच्या कपांतला एक कप भरून पुढं केला. बोटांना तेल होतं, तेलावर पीठ होतं. मी मोरीकडं वळलो, आणि थांबलो, आणि तसल्याच हातानं कप घेतला.

कुणी मागं घेतला नाही.